आमच्या घरचा चहा

पाणी प्यायला तर अर्धा माणूस, चहा प्यायला तर पूर्ण. पप्पांचं हे वाक्य त्यांच्या कुठल्याच पत्रकात छापलं गेलं नाही, पण आमचं घर चालायचं त्याच्यावर. कोणीही आलं की आई आधी तांब्या-पेला नेऊन ठेवायची आणि मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पप्पांकडे बघायची. पाहुणा पाणी प्यायला की पप्पा मान हलवायचे, आणि आई पातेलं चढवायची. खरी परीक्षा तिथून पुढे. तो कप ओठाला लागतो की नाही, हे आम्ही सगळे बघत असायचो. आई दारातून, करुणाताई पुस्तकावरून, मी खाटेखाली पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून. पाहुण्याला यातलं काही कळायचं नाही. त्याला वाटायचं, बिचारी साधी माणसं, कौतुकाने बघताहेत.

आमचं घर अंबडच्या कारखान्यांपासून सायकलच्या अंतरावर होतं. दोन खोल्या, मागे नहाणीएवढं अंगण, आणि पुढच्या खोलीत खाटेखाली पत्रकांचे गठ्ठे. पप्पा कारखान्यात लेथ मशीनवर होते आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. कंत्राटी कामगारांवर, हुंड्यावर, वसतिगृहांच्या दुरवस्थेवर, जयंतीच्या मिरवणुकीत डीजे का नको यावर. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि माझा गृहपाठही त्यांच्याच कोऱ्या पाठीवर व्हायचा. एका बाजूला माझे पाढे, दुसऱ्या बाजूला ‘बंधूंनो आणि भगिनींनो, आता तरी जागे व्हा!’ त्यामुळे असेल, मला अजूनही हळू आवाजात लिहिता येत नाही. संपादक म्हणतात, उद्गारचिन्हं कमी करा. मी एक काढते आणि दोन घालते.

पप्पा लिहायचे आणि आई चहा करायची, असं सांगितलं तर ते पप्पांच्याच स्त्रीमुक्तीवरच्या पत्रकाच्या विरोधात जाईल, पण तसंच होतं. आईच्या हिशेबी चहा हा एक पदार्थ नव्हताच. पहाटे भोंग्याच्या आधी व्हायचा तो पहिल्या पाळीचा चहा. त्यात साखर आणि पत्ती पाण्यात इतकी उकळायची की रंग विटेसारखा व्हायचा, मग दुधाची नुसती धार. पप्पा तो बशीत ओतून उभ्या-उभ्याच प्यायचे, आणि तो फुर्र आवाज झाला की आम्हाला कळायचं, उठायला हवं. मीटिंगचा चहा मोठ्या पातेल्यात व्हायचा. त्यात आलं खलबत्त्यात ठेचून पडायचं, दूध शेवटी, आणि माणसं वाढली की पाणी आणि मूठभर पत्ती वाढायची. ‘सभासद वाढले तरी तत्त्व पातळ होऊ द्यायचं नाही हं,’ असं पप्पा बाहेरून ओरडायचे. आई म्हणायची, ‘तत्त्व घट्टच आहे, दूध पातळ आहे.’

पाहुण्यांच्या चहाची गोष्ट वेगळी. त्याला निम्मं दूध, निम्मं पाणी. आलं आधी पाण्यात चांगलं उकळून घ्यायचं, नाहीतर कच्च्या आल्याने दूध फाटतं. वेलची सालासकट साखरेबरोबर कुटून अगदी शेवटी टाकायची, गॅस बंद करायचा आणि वर ताटली ठेवायची. हा चहा गाळताना आई गाळणी पातेल्याच्या कडेला दोनदा आपटायची. तो टक-टक आवाज आला की आम्ही आपापल्या जागा पकडायचो. आजाऱ्याचा चहा मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या डब्यात वाढलेल्या गवती चहाचा, त्यात मिरी आणि गूळ. गूळ पातेलं खाली उतरवल्यावर घालायचा, नाहीतर त्यानेही दूध फाटतं. म्हणजे बघा, तापाने फणफणलेल्या माणसाच्या चहातही आईला दूध लागायचंच. आणि या सगळ्यांत खालच्या पायरीवर कारखान्याच्या कँटीनचा चहा, नळाच्या स्टीलच्या टाकीतला, दुधाच्या पावडरीचा. पप्पांच्या मते तो मॅनेजमेंटच्या आश्वासनासारखा होता, गरम आहे तोवर बरा.

चहा करण्याच्या जितक्या तऱ्हा, त्याहून तो नाकारण्याच्या जास्त. ‘आत्ताच घेऊन आलो,’ ही सगळ्यांत जुनी. मग ‘ॲसिडिटी आहे.’ मग ‘डॉक्टरांनी बंद केलाय.’ एका गृहस्थांनी उपवास सांगितला, तेव्हा पप्पा अतिशय नम्रपणे म्हणाले, ‘उपवासाला चहा चालतो, साहेब.’ त्यावर त्यांचा उपवास एकदम कडक झाला. काही जण कप घ्यायचे, हातात धरायचे, लोकशाहीवर बोलायचे आणि बोलता-बोलता खुर्चीखाली ठेवून द्यायचे. ते गेले की कप उचलायचं काम माझं. वर साय धरलेली असायची, सुरकुतलेली, आणि कप हलवला की ती एकसंध हलायची. त्या सायीचा मला लहानपणी जेवढा राग यायचा, तेवढा मोठेपणी कुठल्या भाषणाचा आला नाही. आई तो चहा न बोलता मोरीत ओतायची आणि कप राखेने घासायची. एरवी आम्ही साबण वापरायचो.

आता मी इंदिरानगरात राहते. खाली चहाची चार दुकानं आहेत. तापलेलं मडकं विस्तवातून काढून त्यात चहा ओततात, तो भसकन उसळतो, लोक फोटो काढतात. घट्ट दुधाचा चहा आहे, केशराचा आहे, आमच्या पत्र्याच्या डब्यातल्या गवताचा इंग्रजी नावाने पिशवीत बंद केलेला आहे. नाकारण्याच्या तऱ्हाही सुधारल्या आहेत. आता लोक ‘मी ग्रीन टी घेतो’ म्हणतात आणि स्वतःची पाण्याची बाटली बाहेर काढतात. कुणाला खरंच ॲसिडिटी असेल, मी नाही म्हणत नाही. पण ज्या घराने इतक्या साया मोरीत ओतल्या, त्या घराने संशय घेतला तर तो संशय त्या घराचा दोष नव्हे. हे मी आजही कुठल्याही व्यासपीठावर सांगेन.

तर अशा घरात करुणाताईने सांगितलं की तिला लग्न करायचं आहे. ती तेव्हा एका दवाखान्यात नर्स होती आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात. मुलगा तिथेच एक्स-रे काढायचा, यशवंत नाव. कळवणच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावचा, आदिवासी कुटुंबातला. वडील नव्हते. आईने भात आणि नागली पिकवून आणि अधूनमधून द्राक्षबागांत मजुरीला येऊन त्याला शिकवलं होतं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. जात विचारण्याचा प्रश्नच नव्हता, पत्रिका बघण्याविरुद्ध तर त्यांचं स्वतंत्र पत्रक होतं. ते एवढंच म्हणाले, ‘त्याच्या आईला घेऊन ये म्हणावं. आपल्याकडे चहा घेऊ दे.’

करुणाताईला अर्थ कळला. ती म्हणाली, ‘आणि नाही घेतला तर?’

‘तर तुला त्या घरात जन्मभर कप खुर्चीखाली ठेवलेले बघावे लागतील. मी माझी लेक तिथे देणार नाही.’

‘मी यशवंतला सांगून ठेवते मग.’

‘सांगायचं नाही,’ पप्पा म्हणाले. ‘सांगून प्यायलेला चहा कसला चहा?’

यशवंत स्वतः आमच्याकडे दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा त्याने कपाचा तळ दाखवला होता. त्याच्याबद्दल प्रश्न नव्हता. करुणाताई मात्र त्या रविवारपर्यंत नीट जेवली नाही. एकदा भांडी विसळता-विसळता मला म्हणाली, ‘उज्जू, एका कपावर माझं सगळं अडलंय गं.’ मी तिला तत्त्वाचं काहीतरी ऐकवलं. तिने माझ्यावर पाणी उडवलं.

रविवारी सकाळी दोघं आले. यमुनाबाई, यशवंतची आई, काटक, उंच, गुडघ्याखाली पोचणारं घट्ट नेसलेलं लुगडं, कपाळावर गोंदण. त्या खुर्चीवर न बसता खाली सतरंजीवर बसल्या, तेव्हा पप्पाही खाली बसले. आईने पाणी आणलं. त्या पाणी प्यायल्या, वरून नव्हे, पेल्याला तोंड लावून, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि पेला स्वतःच उपडा ठेवला. पप्पांनी मान हलवली. आत खलबत्ता वाजायला लागला. करुणाताई माझ्याशेजारी माझा हात धरून उभी होती.

बोलणं पावसापाण्याचं, एसटीचं, डोंगरातल्या रस्त्याचं. मग आतून टक-टक ऐकू आलं. आईने ठेवणीतल्या कपबश्या काढल्या होत्या, शेजारी चिवडा. यशवंतने कप उचलला. यमुनाबाईंनी कपात बघितलं, हात जोडल्यासारखे केले आणि म्हणाल्या, ‘मी नाय घेत चहा, बाई.’

आई म्हणाली, ‘थोडा घ्या. अर्धा कप.’

‘नाय, नको. राहू द्या.’

‘ती नाही घेत,’ यशवंत कपात बघत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

घरात एकदम किती आवाज असतात ते तेव्हा कळलं. शेजारच्यांचा टीव्ही, नळाखालच्या बादलीत पडणारं पाणी, पंख्याची कुरकुर. पप्पांच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. ते एकदम थकल्यासारखे दिसले, पाळी संपवून यावेत तसे. मग म्हणाले, ‘ठीक आहे.’ पप्पांचं ‘ठीक आहे’ आमच्याकडे फार कमी वेळा ऐकू यायचं. मीटिंग मोडायची असली की ते तेवढंच म्हणायचे. आई कप उचलायला वाकली. करुणाताईने माझा हात सोडला.

आमच्या घरात या जागी कोणी कधी काही विचारलं नव्हतं. पाहुणा नाही म्हणायचा, आम्ही समजायचो, पाहुणा जायचा, आणि मग पप्पा पत्रक लिहायचे. माझ्या डोक्यात काय शिरलं सांगता येत नाही. कदाचित एवढंच, की इतकी पत्रकं वाचूनही ज्याच्यासाठी ती लिहिली त्याला समोर काही म्हणायचं नसेल तर ती लिहायची कशाला?

मी पुढे झाले आणि विचारलं, ‘मावशी, तुम्ही आमच्या घरचा म्हणून चहा नाही घेत का?’

‘उज्जू!’ आई आणि ताई दोघी एकदम.

‘म्हंजे?’ यमुनाबाई म्हणाल्या.

‘म्हणजे आम्ही कोण आहोत, त्यामुळे.’

त्यांनी यशवंतकडे बघितलं. त्याने कप खाली ठेवला आणि घाईघाईने म्हणाला, ‘आई, त्यांना वाटतंय, तू त्यांच्यात खात-पीत नाहीस म्हणून.’

यमुनाबाई माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, आता उठून जातात. पण त्या म्हणाल्या, ‘मी? अगं पोरी, मोसमात कामाला जायचो तवा पानी मागितलं तर आमालाच लोक ओंजळ करायला लावायचे, वरून ओतायचे. मी कुनामुळं बाटेन म्हनू? तुमच्या घरची लेक मागायला आले, आन् चहाला भिऊ?’

‘मग का नाही घेत?’ पप्पांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना बोलताना ऐकलं नव्हतं.

त्यांनी पदर नीट केला. आता लाजायची पाळी त्यांची होती. ‘दूध नाय चालत मला. माझ्या आईनं कधी घेतलं नाय, मी बी नाय. गाईचं दूध वासराचं. आपन कशाला त्यात तोंड घालायचं? मी कोराच पिते.’

‘अहो, मग सांगायचं की!’ आई म्हणाली.

‘काय सांगू? हा शिकायला होता तवा याच्या वसतिगृहाच्या बाईंकडं गेले होते. कोरा मागितला, तर त्या म्हनल्या, आमच्याकडं दूध संपलेलं नाय हो! आन् शेजारनीकडं बघून हसल्या. तवापासून कुठं बी गेलं की चहाच नको म्हनते. सुटलं.’

यशवंत म्हणाला, ‘मी पण बोलायला हवं होतं. मला वाटलं, तुम्ही म्हणाल, अजून जंगलातच राहतात.’

पप्पांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले. करुणाताई खाटेवर बसली. आणि मला वाटलं, आता संपलं, आई कोरा चहा आणेल आणि सगळं मिटेल. पण आई दारातच उभी राहिली आणि म्हणाली, ‘कोरा चहा मी नाही देणार.’

‘अगं?’ पप्पा.

‘नाही देणार! कारखाना बंद होता तेव्हा सहा महिने तेच दिलं आल्या-गेल्याला. तुमच्या आत्याने सगळ्या नात्यात सांगितलं, हिच्या घरी गेलं की काळं पाणी मिळतं. तेव्हाच म्हटलं होतं, पुन्हा माझ्या घरात पाहुण्यासमोर बिनदुधाचा कप जाणार नाही. आणि आज व्याहीणबाई आल्यात तर मी तेच पुढे करू?’

‘व्याहीणबाई’ हा शब्द तिच्या तोंडून निघून गेला होता. कोणी तो परत घे म्हणालं नाही.

यमुनाबाई उठल्या. गुडघ्यावर हात न टेकता एका झटक्यात उठल्या, आईच्या बाजूने सरळ आमच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, ‘पातेलं कुठलं घेऊ गं?’

पप्पा सतरंजीवर तसेच बसून राहिले. त्यांच्या आयुष्यात किती जणांनी आमचा कप नाकारला ते त्यांना पाठ होतं. पण बाहेरचं माणूस येऊन आमच्या ओट्यापाशी उभं राहिल्याचं त्यांना आठवत नसावं. मी आत पळाले.

आई मागोमाग आली, चेहरा अजून ताठ. यमुनाबाईंनी मागचं दार उघडून डब्यातल्या गवती चहाची पाती खुडली, धुतली, त्यांना मुरड घालून गाठ मारली आणि पाण्यात सोडली. गूळ फोडून घातला. पाणी खळखळायला लागल्यावर आई पत्तीचा डबा घेऊन पुढे झाली आणि सवयीप्रमाणे मोठा चमचा भरला. यमुनाबाईंनी तिचं मनगट धरलं. ‘एवढी नको. चिमूट घाल. आन् आता उकळायचं नाय, खाली उतरव.’

‘उकळल्याशिवाय चहा कसा होईल?’

‘दूध असलं म्हंजे उकळ किती बी. पत्तीचा कडूपना दूध गिळतं. कोऱ्यात कोन गिळनार?’

आईने पातेलं उतरवलं, ताटली ठेवली, आणि थोडं थांबून म्हणाली, ‘आलं घालते पण मी. आल्याशिवाय माझ्या घरातून चहा बाहेर जात नाही.’

‘घाल की. मी कुटं नको म्हनले?’

‘आणि मीठ? आमची आई कोऱ्यात मिठाची कणी टाकायची.’

‘लिंबू असलं तर पिळ. मीठ नको गं बाई, जुलाबाचं औषध करतीस का काय?’ आणि दोघी हसल्या. आई आधी हसली. बाहेर त्या दोघींचं हसणं ऐकून पप्पांनी घसा खाकरला, आणि यशवंतने चिवड्याची बशी पहिल्यांदा पुढे ओढली.

लिंबू पिळल्यावर त्या चहाचा रंग एकदम उजळला, मधासारखा. आईने तो त्याच ठेवणीतल्या कपांत ओतला. सगळ्यांनाच तो दिला, मलाही. यमुनाबाईंनी बशीत ओतून एका दमात संपवला आणि म्हणाल्या, ‘अजून हाय का?’ पप्पांना तो चहा घशाखाली घालताना काय वाटलं ते चेहऱ्यावर दिसत होतं. बिनदुधाचा, गुळाचा, गवताच्या वासाचा. पण त्यांनी तो तळापर्यंत प्यायला, आणि मग म्हणाले, ‘कोर्टात करायचं लग्न. देणं-घेणं काही नाही. तुमच्याकडची दोन माणसं जास्त येऊ देत, आमच्याकडची चार कमी करतो.’

‘आमच्याकडची समदी येतील,’ यमुनाबाई म्हणाल्या. ‘नाचल्याशिवाय लगीन लागत नाय आमच्यात. कोर्टाच्या बाहेर नाचू.’

पप्पा यावर हसले. मिरवणुकीतल्या डीजेविरुद्ध लिहिणारे पप्पा.

दुपारची एसटी गाठायला ते दोघं निघाले. आईने यमुनाबाईंना गवती चहाचा गड्डा मुळासकट दिला आणि त्या म्हणाल्या, आमच्याकडं डोंगरभर हाय, तरी दे. रिक्षा वळेपर्यंत आम्ही दारात उभे होतो. मग आत आलो आणि घर एकदम सैल झालं. आई चिवड्याच्या बशीपाशी बसून पोटभर चिवडा खायला लागली, करुणाताईने तिच्या मांडीवर डोकं टाकलं. पप्पा खाटेवर आडवे झाले, डोळ्यांवर हात.

थोड्या वेळाने करुणाताई तशीच पडल्या-पडल्या म्हणाली, ‘पप्पा, एक सांगू? त्यांनी चहा घेतला नसता ना, तरी मी लग्न करणार होते.’

पप्पांनी डोळ्यांवरचा हात काढला नाही.

‘माहीत होतं गं मला,’ ते म्हणाले. ‘त्या नको म्हणाल्या तेव्हा मला तेच दिसलं. तू गेली असतीस, आणि मी तत्त्वाला धरून इथे बसलो असतो.’ मग ते उठून बसले, आईकडे बघितलं आणि म्हणाले, ‘ऐक ना, जरा चहा टाक. दुधाचा. पहिल्या पाळीचा करतेस तसला.’

‘आणि उद्या व्याह्यांकडे गेल्यावर काय करणार?’ आई म्हणाली.

‘तिथे कोरा पिईन. मागून घेईन. पण आज दुधाचा टाक.’

‘तुमच्या त्या स्त्रीमुक्तीच्या पत्रकात काय लिहिलंय?’ आई चिवड्याची बशी न सोडता म्हणाली. पप्पांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग ते स्वतःच उठले, आणि आतून आम्हाला पातेली हलवल्याचे, डबे उघडल्याचे आवाज बराच वेळ ऐकू येत राहिले.